निर्वासित बालकांसाठी क्रीडा

युद्ध, छळ किंवा हिंसाचार यांमुळे मायदेश सोडावा लागलेल्या मुलांना नव्या ठिकाणी आपलेपणा वाटावा, सवंगडी मिळावेत आणि पुढील आयुष्याविषयी आशा निर्माण व्हावी, या हेतूने केलेली खेळांची योजना. सक्तीने विस्थापित झालेल्या जगातील लोकसंख्येत १८ वर्षांखालील मुले सुमारे ४० टक्के असल्याने निर्वासितांच्या साहाय्यकार्यात या योजनेला महत्त्व आले आहे.

या प्रथेचा आरंभ केव्हा मानावा, हे तिच्या व्याख्येवर अवलंबून आहे. स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात, मे १९३७ मध्ये, स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातील सुमारे ४,००० मुले ‘हबाना’ या जहाजाने इंग्लंडमधील साउथॅम्प्टन बंदरात उतरली. तेथे आश्रय घेतलेल्या मुलांपैकी साबिनो बारिनागा व रायमुंडो लेसामा, तसेच एमिलिओ अल्देकोआ, पुढे नामवंत फुटबॉलपटू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील विस्थापितांच्या छावण्यांत ज्यू रहिवाशांनी स्वतःचे क्रीडासंघ व फुटबॉल सामने उभे केले. ही उदाहरणे आरंभबिंदू म्हणून पुढे करता येतात. तथापि त्यांत खेळ होता, मुलांच्या मानसिक सावरण्यासाठी आखलेली पद्धत मात्र क्वचितच दिसते. त्यामुळे पद्धतशीर उपक्रमांचा आरंभ १९९० च्या दशकात मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लिलहॅमर येथील १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने ‘ऑलिंपिक एड’ हा मदतनिधी उभा राहिला होता. नॉर्वेचा स्केटिंगपटू योहान ओलाव कॉस याच्या पुढाकाराने त्यातूनच खेळाच्या माध्यमातून मुलांसाठी काम करणारी ‘राइट टू प्ले’ ही संघटना आकाराला आली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद २२ निर्वासित बालकांच्या संरक्षणाविषयी, तर अनुच्छेद ३१ विश्रांती व खेळ यांच्या हक्काविषयी आहे. निर्वासितांविषयीच्या २०१८ च्या जागतिक करारनाम्यात खेळाचा स्वतंत्र उल्लेख आढळतो.

आपत्कालीन मानसिक-सामाजिक आधाराविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरसंस्था (मदतकार्यातील विविध संस्थांनी मिळून आखलेल्या) मार्गदर्शक सूत्रांत मदतीचे चार थर कल्पिले आहेत. खेळाचे उपक्रम सामान्यतः दुसऱ्या, म्हणजे कुटुंब व समाज यांच्या आधाराच्या थरात मोडतात. तीव्र मानसिक आघात झालेल्या मुलाला तज्ज्ञांचे उपचार द्यावेच लागतात. खेळ आपोआपच मुलांना सावरतो, ही समजूत अभ्यासकांनी तपासून पाहिली आहे. क्रीडा व समाजविकास यांचे अभ्यासक फ्रेड कोल्टर यांच्या मते केवळ सहभाग पुरेसा नसतो, तो कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या सोबतीने घडतो यावर परिणाम ठरतो. हे मत ग्राह्य वाटते, कारण ज्या मुलाचे घर, शाळा व दिनक्रम एकाच वेळी तुटले आहेत, त्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या मैदानावर, तोच प्रशिक्षक नावाने हाक मारतो, ही गोष्ट विजयापेक्षा अधिक मोलाची असते. नव्या देशाची भाषा येत नसली, तरी चेंडू कोणाकडे द्यायचा हे मुलाला कळते. मात्र संघ निवडताना निर्वासित एका बाजूला व स्थानिक दुसऱ्या बाजूला अशी विभागणी झाली, तर खेळानेच दुरावा वाढतो. मुलींसाठी सुरक्षित वाट, सोयीची वेळ व महिला प्रशिक्षक यांची व्यवस्था नसल्यास त्यांचा सहभाग घटतो. फुटबॉलच्या सामन्यांत डोके झाकून खेळण्यास फिफाने (जागतिक फुटबॉल महासंघाने) २०१४ मध्ये दिलेली अनुमती या दृष्टीने उपयुक्त ठरली.

निर्वासितांचा पहिला ऑलिंपिक संघ २०१६ मध्ये रिओ येथे उतरला. त्यातील १० खेळाडूंपैकी ५ धावपटू मूळचे दक्षिण सुदानचे असून केनियातील काकुमा छावणीतून आले होते. पॅरिस येथे २०२४ मध्ये मुष्टियोद्धा सिंडी न्गाम्बा हिने या संघाला पहिले पदक, कांस्य, मिळवून दिले.

संघटित स्पर्धांत नोंदणीची अडचण येते. अल्पवयीन खेळाडूंचा व्यापार रोखण्यासाठी फिफाच्या नियमावलीतील अनुच्छेद १९ प्रमाणे १८ वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर (एका देशातील संघातून दुसऱ्या देशातील संघात जाणे) सामान्यतः निषिद्ध आहे. मुलांच्या रक्षणासाठी केलेला हा नियम आश्रयार्थी मुलांच्याच आड येऊ शकत असल्याने, मानवतावादी कारणांनी मायदेश सोडलेल्या खेळाडूंसाठी त्यात पुढे अपवाद समाविष्ट झाला. तरीही ओळख व वय सिद्ध करणारी कागदपत्रे पलायनात हरवलेली असतात. शाळेच्या किंवा छावणीच्या मैदानावरील खेळाला अशा नोंदणीची गरज नसते, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलांना खेळात सामावून घेणे तेथे अधिक सुलभ होते.