टेनिस रॅकेटची ग्रिप बदलणे

टेनिस रॅकेटच्या मुठीवर गुंडाळलेली पट्टी झिजली, निसरडी झाली किंवा घामाने कडक पडली की ती काढून नवी बसवणे. इंग्रजीत हाताची पकड आणि मुठीवरची पट्टी या दोन्हींना ग्रिप हा एकच शब्द आहे. मराठीत पहिलीला पकड म्हणण्याची सोय आहे, म्हणून या नोंदीत ग्रिप म्हणजे फक्त पट्टी.

टेनिसची मूठ गोल नसते, तिला आठ पैलू असतात. रॅकेट उभ्या पात्यासारखी धरली की वर येणारा पैलू पहिला. उजव्या हाताच्या खेळाडूच्या तर्जनीचे मुळाचे पेर दुसऱ्या पैलूवर टेकले की काँटिनेंटल पकड होते, तिसऱ्यावर ईस्टर्न फोरहँड, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न आणि पाचव्यावर वेस्टर्न. सर्व्हिस करून लगेच फोरहँड मारणारा खेळाडू मुठीकडे पाहत नाही, बोटांना लागणाऱ्या कडांवरून पकड फिरवतो. ग्रिप जाड किंवा वेडीवाकडी बसली तर याच कडा बुजतात, आणि मग दोष मनगटाचा की मुठीचा हे कळायला बरेच दिवस जातात.

ग्रिपचे थर दोन. मुठीला चिकटवलेली बेस ग्रिप साधारण दीड ते दोन मिमी जाड आणि गादीसारखी असते. तिच्यावर ताणून गुंडाळायची ओव्हरग्रिप जेमतेम अर्धा मिमी. बेस ग्रिप बराच काळ टिकते. ओव्हरग्रिप ही मात्र वापरून टाकून द्यायचीच वस्तू आहे. ती पांढऱ्याची काळी होऊन चकाकू लागेपर्यंत ठेवण्यात काटकसर नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर उतरते. घामट हातांना चिकट ओव्हरग्रिपपेक्षा कोरडी, टिपकागदासारखी ओव्हरग्रिप मानवते.

बेस ग्रिप बदलताना आधी मुठीच्या वरच्या टोकाची रबरी कॉलर सरकवून घ्यावी व चिकटपट्टी काढावी. जुनी ग्रिप सोलताना तिचे वेढे कोणत्या दिशेने गेले आहेत ते पाहून ठेवावे. उजव्या आणि डाव्या हाताच्या खेळाडूंसाठी ही दिशा उलट असते. चुकली तर हाताच्या पिळाने पट्टीच्या कडा उचकटतात. बुडाशी बहुधा स्टेपल असते, ते चिमट्याने काढावे. जुना गोंद किंवा दुतर्फी टेपचे तुकडे खरवडून काढायला आळस करू नये, कारण राहिलेली प्रत्येक गाठ नंतर तळव्याला टोचते. नव्या पट्टीचे निमुळते टोक बुडाच्या टोपणाला लावून पहिला वेढा सरळ घ्यायचा, मग तिरपे वर चढत जायचे. कडेवर कड मिलिमीटर-दोन मिलिमीटर चढली की पुरे. ताण सगळीकडे सारखा हवा. वर पोचल्यावर उरलेली पट्टी तिरकी कापून टेप लावायची आणि कॉलर खाली ओढायची. रॅकेटच्या गटिंगला, म्हणजे जाळीच्या तारा ओवून ताणायला, मशीन लागते, इथे कात्री पुरते. क्रिकेटच्या बॅटची रबरी नळीसारखी ग्रिप कोनवरून (शंकूसारख्या साधनावरून) चढवण्यापेक्षा तर हे काम कितीतरी सोपे.

ओव्हरग्रिप लावण्याची रीत हीच, पण तिच्या वरच्या बाजूला असलेले पातळ प्लॅस्टिकचे आवरण आधी सोलावे लागते. नवखे खेळाडू ते तसेच ठेवतात आणि कंपनीला नावे ठेवतात. वेढे किती पडतील याचा हिशेबही जमतो: ४ ३/८ इंची मुठीचा घेर सुमारे १११ मिमी असतो, म्हणजे ११० सेंमी लांब पट्टीचे जवळपास दहा वेढे होतात. पट्टी २५ मिमी रुंद असेल आणि प्रत्येक वेढा ६-७ मिमी मागच्यावर चढवला, तर मुठीची सुमारे १८ सेंमी लांबी झाकली जाते.

मुठीचा घेर अमेरिकी पद्धतीत ४ ते ४ ५/८ इंच आणि युरोपात ० ते ५ अशा आकड्यांत सांगतात. दर पायरी एक अष्टमांश इंचाची, म्हणजे ३ मिमीहून थोडी जास्त. अर्धा मिमी जाडीच्या ओव्हरग्रिपने भूमितीनुसार घेर ३ मिमी वाढायला हवा. पण ताणल्यावर ती पातळ होते, म्हणून व्यवहारात अर्धीच पायरी धरतात. दोन ओव्हरग्रिप एकावर एक चढवून मोठे माप साधता येते, मात्र पैलू गोल होतात. मूठ जाड करायचीच असेल तर बेस ग्रिपच्या आत उष्णतेने आक्रसणारी नळी बसवणे बरे. मूठ बारीक करणे अवघड. लाकडी रॅकेटची मूठ तासता येत असे, आजच्या मुठीवरच्या फोमवर तो प्रयोग करू नये.

मूठ चुकीच्या मापाची असेल तर टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचे दुखणे, होतो, हे जवळपास प्रत्येक क्लबात ऐकायला मिळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मुठीचे माप पाव इंच कमी-जास्त करून खेळाडूंच्या बाहूंतील स्नायूंची हालचाल तपासली, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा कोपर दुखू लागले की सारा दोष ग्रिपवर ढकलणे घाईचे ठरेल.

चामड्याची ग्रिप लाकडी रॅकेटच्या काळात सर्रास होती, आता ती हौसेची आणि महाग वस्तू आहे. ती कडक असते, गादी जवळजवळ नाही, पण पैलू बोटांना स्वच्छ कळतात. कृत्रिम ग्रिपपेक्षा ती साधारण १० ग्रॅम जड भरते. बुडापासून ३२ सेंमीवर तोल असलेल्या ३०० ग्रॅमच्या रॅकेटवर हे १० ग्रॅम मुठीच्या मध्याशी वाढले, तर तोल सुमारे ७ मिमी मुठीकडे सरकतो. हातात घेताच हा फरक जाणवतो.

सामन्यात ग्रिप बदलायला वेगळी मुभा नाही. कपडे, बूट वा इतर आवश्यक साहित्य बिघडले तर नियम जादा वेळ देतात, पण त्यातून रॅकेट स्पष्टपणे वगळलेली आहे. कोर्टाची बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद मिळतात, तेवढ्यात सरावलेला हात ओव्हरग्रिप उरकतो. बेस ग्रिप उचकटली असेल तर पिशवीतून दुसरी रॅकेट काढावी लागते.