स्प्रे फोम (घराचे उष्णतारोधन)

स्प्रे फोम : भिंतीवर, छपराखाली किंवा स्लॅबवर द्रवरूपात फवारून जागीच फुगवला जाणारा पॉलियुरेथेनचा फेस. उष्णता अडवणे आणि फटींतून होणारी हवेची ये-जा बंद करणे ही दोन्ही कामे तो एकाच थरात करतो. काचलोकरीची गादी किंवा थर्मोकोलचा तक्ता कारखान्यातून तयार होऊन येतो. हा फेस मात्र त्या घरातच बनतो. त्यामुळे त्याचा दर्जा पिंपावरच्या लेबलापेक्षा फवारणाऱ्याच्या हातावर, त्या दिवशीच्या हवेवर आणि खालच्या पृष्ठभागावर ठरतो. आपल्याकडे बांधकामावर त्याला सरसकट ‘पफ’ म्हणतात.

पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकूसेन येथे शोधले. घरांत फोम रुजला तो प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत. तिथल्या भिंती लाकडी सांगाड्याच्या असतात, दोन खांबांमधला गाळा पोकळ असतो आणि हिवाळ्यात त्यातून वारा आत येतो.

घटक व यंत्र : दोन पिंपे लागतात. एकात आयसोसायनेट (एमडीआय), दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्यात मिसळलेले उत्प्रेरक, फुगवणारे द्रव्य व आगरोधक. अमेरिकी रिवाजात आयसोसायनेट ‘ए’ आणि पॉलिऑल ‘बी’. युरोपीय रिवाजात नेमके उलटे. म्हणून नळ्या जोडताना अक्षर नव्हे, रसायनाचे नाव वाचावे. दोन्ही द्रव साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवून, ७० ते १०० बार दाबाने, आकारमानाने १:१ या प्रमाणात गनच्या तोंडाशीच एकत्र येतात. काही सेकंदांत फेस फुगतो आणि मिनिटाभरात बोटाला चिकटेनासा होतो.

प्रकार : पेशी म्हणजे फेसातले बारीक बुडबुडे. उघड्या पेशींचा फोम पाण्याने फुगतो, आयसोसायनेटशी पाण्याची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो मूळ द्रवाच्या शंभरेक पट वाढतो, घनता घनमीटरला सुमारे ८ किलो, हाताला स्पंजासारखा, बाष्प आरपार जाऊ देणारा. बंद पेशींचा फोम तीस-चाळीस पट वाढतो, घनता सुमारे ३२ किलो, टणक. ५० मिमी जाडीला बाष्पही जवळपास अडवतो. उष्णतावाहकता पहिल्याची ०.०३८, दुसऱ्याची सुमारे ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन. बंद पेशींसाठी पूर्वी वापरात असलेला एचसीएफसी-१४१बी हा फुगवणारा पदार्थ ओझोनला घातक म्हणून भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला.

फवारणी : लाकडातील ओलावा १९ टक्क्यांच्या आत हवा. धूळ, तेल, सुटे रंगाचे पोपडे काढावेत. खिडक्या-दारे प्लॅस्टिकने झाकावीत, कारण उडालेला थेंब काचेवर बसला की खरवडल्याशिवाय निघत नाही. बंद-पेशी फोमचा एक हात साधारण ५० मिमीपेक्षा जाड देऊ नये. पुढचा हात दहा-पंधरा मिनिटांनी, थर निवल्यावर. अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडते आणि फोम ती बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे एकाच हातात चढवलेला जाड थर आतून करपतो. असे थर पेटल्याच्याही घटना आहेत.

सामानाचा हिशेब असा : दोन पिंपांचा संच सुमारे ४५० किलोचा. घनतेच्या गणिताने त्यातून बंद-पेशी फोम १ इंच जाडीने ६,००० चौरस फूट व्हायला हवा. साल, उडणे आणि कापणे धरून प्रत्यक्षात ४,००० च्या आसपास मिळतो. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या पृष्ठभागाला २ इंच द्यायचे तर अर्धा संच.

दोष : प्रमाण बिघडले की फोमच सांगतो. आयसोसायनेट जास्त झाला तर तो ठिसूळ होतो, नखाने दाबला की चुरतो. पॉलिऑल जास्त झाला तर मऊ राहतो, आक्रसतो आणि वासे व फोम यांच्यात फट पडते. आठवडे उलटूनही सुकट-बोंबलासारखा वास टिकला तर तिथला तुकडा कापून पाहावा. वरून अत्तर-धूप लावून उपयोग नाही, तेवढा भाग काढावाच लागतो.

ब्रिटनमधला अनुभव सर्वांत बोलका आहे. तिथे माळ्यावर, वाशांच्या मधोमध आणि स्लेटच्या पाठीवर थेट फोम मारला गेला. घरातले बाष्प थंड छपरापाशी साचते आणि वळचणीची हवा बंद झाल्याने लाकूड सुकत नाही. कुजलेला वासा फोमआड दिसतही नाही. म्हणून अनेक वित्तसंस्था अशा घरांवर कर्ज नाकारतात आणि मालकांना फोम खरवडण्याचा खर्च सोसावा लागतो. कोकणातल्या कौलारू घरातही हा मोह टाळावा. कौलांना आतून फोम लागला की कौले रिपांना चिकटतात. मग पावसाळ्यापूर्वी शाकारणी कशी करणार?

सिमेंटच्या स्लॅबचे गणित वेगळे आणि सोपे आहे. १५० मिमीच्या उघड्या स्लॅबचे उष्णतावहन (यू-मूल्य, वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन; जितके कमी तितके चांगले) सुमारे ३.३, वर २५ मिमी बंद-पेशी फोम दिला की ०.७७, ५० मिमीला ०.४३. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको-निवास संहिता २०१८’ने छपराला १.२ ची मर्यादा घातली आहे, म्हणजे पहिल्या इंचातच काम होते. गच्चीवर चालायचे असल्याने घनता ४० किलोच्या वर घ्यावी. स्लॅब कोरडा आहे का हे पाहायला हातभर प्लॅस्टिक चारी कडांनी टेप लावून रात्रभर ठेवावे. सकाळी खाली दव दिसले तर थांबावे, नाहीतर फोमला फोड येतात. उन्हात फोम पिवळा, मग तपकिरी होऊन पावडर सुटते. म्हणून काही दिवसांतच जिओटेक्स्टाइल (बांधकामातले कृत्रिम धाग्यांचे कापड) आणि उताराचा कोबा घालावा, आणि थर पॅरापेटवर वीतभर चढवावा. पाणी आधी तिथूनच शिरते.

सुरक्षा : फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आयसोसायनेटने जडलेला दमा पुढे अगदी थोड्या संपर्कानेही उसळतो. घरच्यांनी साधारण २४ तास, हवा खेळती ठेवून, बाहेर राहावे. खोलीच्या बाजूने फोम उघडा ठेवू नये. आगीत तो झपाट्याने पेटून विषारी धूर सोडतो, म्हणून त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड बसवतात. दुकानात मिळणारा डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो; तो खिडकी-दाराच्या फटीपुरता. चौकटीभोवती तोही कमी फुगणाराच घ्यावा, एरवी चौकट आत दाबली जाऊन पल्ला अडतो.