शिसे काढले, जस्त सोडले: लहान भूमिगत खाणींची पार्श्वभूमी

आज शिसे-जस्ताच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक जुन्या लहान खाणी मुळात फक्त शिशाच्या होत्या. हे ध्यानात घेतले नाही, तर त्यांचे वाकडेतिकडे बोगदे, अर्धवट सोडलेल्या भिंती आणि तोंडाशी साचलेले ढीग यांचा उलगडा होत नाही. खोदकाम कुठून जायचे ते शिरेने, म्हणजे खडकाच्या भेगेत साचलेल्या खनिजाच्या पट्ट्याने, ठरवले. तिच्यातले काय वर आणायचे ते भट्टीने ठरवले.

शिरा तयार होतात त्या बहुधा उष्ण, खारट पाण्यामुळे. साधारण 100 ते 200 अंश सेल्सिअसचे हे पाणी क्लोराइडच्या रूपात धातू वाहून आणते. ते थंड झाले किंवा गंधकयुक्त पाण्यात मिसळले, की भेगांमध्ये गॅलेना (शिशाचे सल्फाइड) आणि स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) साचतात. सोबत क्वार्ट्झ, कॅल्साइट, बराइट असतात. कठीण चुनखडकात भेग उघडी राहते आणि शीर रुंदावते. शेल या मऊ, चिखलापासून बनलेल्या खडकात ती चिमटते, कधी नुसती चिकणमातीची रेघ उरते. शीर तिथे संपली असे समजून खाण सोडण्याची चूक पूर्वी वारंवार झाली.

भूजलाच्या पातळीच्या वरच्या भागात आणखी एक फसगत असते. हवा आणि पावसाचे पाणी लागून गॅलेनावर कार्बोनेटचे जवळजवळ न विरघळणारे कवच चढते आणि शिसे जागेवर राहते. जस्त मात्र सल्फेट होऊन झिरपून जाते. त्यामुळे माथ्यावरचे नमुने खोलीवरच्या जस्ताचा अंदाज कमीच देतात.

पण जस्त समोर दिसत असूनही का सोडले? शिसे 327 अंशांना वितळते आणि साध्या भट्टीतून खाली वाहते. जस्ताचे ऑक्साइड कोळशाने मोडायला सुमारे 1000 अंश लागतात, आणि जस्त 907 अंशांनाच उकळते. म्हणजे धातू जन्मतो तो वाफ होऊन, आणि हवा लागताच पुन्हा भुकटी होतो. हे कोडे राजस्थानात उदयपूरजवळच्या झावरला सुटले. तिथे भाजलेले खनिज वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत भरून त्या उलट्या लावत. एका भट्टीत 36. मुशींची तोंडे भोके असलेल्या तळफरशीतून खालच्या थंड कप्प्यात येत, वाफ तिथे उतरून द्रवरूप होई. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते 1738 मध्ये, झावरच्या कितीतरी नंतर.

तंत्र आले तरी लहान खाणीची अडचण सुटली नाही. पाण्यात चाळण हलवून वजनावर वेगळे करायचे, तर गॅलेनाची घनता 7.5 आणि क्वार्ट्झची 2.65, म्हणून शिसे सहज निघे. स्फॅलेराइट 4 आणि बराइट 4.5, हे दोन्ही मधल्या थरात अडकत आणि ढिगावर जात. खरा मार्ग निघाला ऑस्ट्रेलियात, ब्रोकन हिलच्या जस्तयुक्त ढिगांपासून, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. तिथे तरंगण पद्धत रुळली: बारीक दळलेल्या लगद्यात हवेचे बुडबुडे सोडले, की रसायनांनी निवडलेले खनिज फेसावर येते. झँथेट या रसायनाने आधी शिसे तरंगवतात. तोवर झिंक सल्फेट, बरेचदा सायनाइडसह, जस्त दाबून ठेवते. मग मोरचूद (तांब्याचे सल्फेट) घालून जस्त जागे करतात आणि चुन्याने सामू (pH) 10च्या वर नेतात.

या पद्धतीमुळे जुन्या खाणी पुन्हा उघडण्याजोग्या झाल्या, पण त्यांची हिशेबाची बाजू नाजूक असते. अर्धा मीटर शिरेत दोन्ही धातू मिळून 12 टक्के असले आणि माणूस व यंत्र मावायला 1.2 मीटर खोदावे लागले, तर हाती येतात जेमतेम 5 टक्के. म्हणून अरुंद, उभ्या शिरेत खालून वर फोडत जाण्याची रीत टिकली. फुटलेला खडक फुगून जवळपास दीडपट जागा घेतो. दर स्फोटानंतर तिसरा हिस्सा खालून काढायचा, उरलेल्या मालावर उभे राहून पुढची छिद्रे मारायची. खडक पक्का असेल तरच हे चालते. कच्च्या भिंती मालात ढासळतात आणि टक्का आणखी उतरतो.

हा माल महिनोन्‌महिने स्टोपमध्ये (शीर फोडून झालेल्या पोकळीत) पडून राहिला तर सल्फाइड ओलाव्याने गंजते, दगड एकमेकांना चिकटतात आणि खाली पोकळी धरतात; तिच्यावर उभे राहणे जीवघेणे. गंजलेल्या खनिजातून तांब्याचे क्षार सुटले, तर ते मोरचुदाचे काम अवेळी करतात: जस्त शिशासोबतच तरंगते आणि शिशाच्या मालाचा दर्जा घसरतो. जुन्या स्टोपमधला आणि ढिगांतला माल म्हणूनच ताज्या खनिजात थेट मिसळत नाहीत. त्याची वेगळी चाचणी करून रसायनांची मात्रा नव्याने बसवावी लागते.