नेदरलँड्समधील शेतमजूर व खाद्योद्योग कामगारांच्या संघटना

नेदरलँड्समध्ये शेतात, मळ्यांत, काचघरांत, दूध डेअऱ्यांत, साखर व स्टार्चच्या कारखान्यांत, बेकऱ्यांत आणि कत्तलखान्यांत मजुरीवर राबणाऱ्यांनी उभारलेल्या संघटना. त्यांची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. शेतमजुरांच्या आणि कारखान्यांतल्या कामगारांच्या संघटना प्रथम वेगवेगळ्या होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकत्र आल्या आणि आज त्यांचे काम प्रामुख्याने एफएनव्ही व सीएनव्ही या दोन मध्यवर्ती संघटनांमार्फत चालते. शेतमजुरांची लढाई मजुरीसाठी होतीच, पण तितकीच ती कायद्याने आपल्याला इतर कामगारांच्या बरोबरीने मोजावे यासाठीही होती. ही बरोबरी मिळायला जवळपास पाऊण शतक लागले.

किनाऱ्यावरची चिकणमाती

देशाच्या पूर्व व दक्षिण भागांतल्या वालुकामय जमिनीवर छोटी कुटुंबे स्वतःच शेती कसत, त्यामुळे तिथे मजूर थोडे होते. उत्तरेकडच्या फ्रीसलंड व ग्रोनिंगन आणि नैऋत्येकडच्या झीलंड या प्रांतांत मात्र समुद्राकडून बांध घालून मिळवलेली सुपीक चिकणमाती होती. तिथले शेतकरी मोठे होते आणि त्यांच्या हाताखाली मजुरांचा मोठा वर्ग होता. संघटना उभ्या राहिल्या त्या याच भागांत.

ग्रोनिंगनच्या पूर्व टोकाचा ओल्डआम्ट हा भाग या विषमतेसाठी देशभर ओळखला जाई. धान्याला चांगला भाव होता त्या काळात तिथल्या बड्या शेतकऱ्यांनी वाड्यांसारखी घरे बांधली आणि घरापुढे वळणावळणाच्या वाटांच्या बागा केल्या. मुलांना शिकायला शहरात पाठवले. मजुराच्या घरात बहुधा एकच राहती खोली असे. भिंतीतल्या कपाटासारख्या कोनाड्यात बिछाना असे आणि त्यात दोन-तीन जण दाटीवाटीने झोपत. मजुरांतही दोन थर होते. वर्षभर एकाच शेतकऱ्याकडे असणाऱ्या सालगड्याला हिवाळ्यात निदान पोटापुरते तरी मिळे. रोजंदारीवरच्या मजुराला पेरणी, खुरपणी आणि कापणी संपली की काम नसे. पूर्वी हिवाळ्यात धान्याची मळणी हाताने चाले, तेवढाच त्याला आधार होता. वाफेवर चालणारे मळणी यंत्र आले आणि तोही गेला. खुरपणीला बायका-मुले जात.

1878 च्या सुमारास अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागले, युरोपात भाव कोसळले आणि पुढची सुमारे पंधरा-सतरा वर्षे शेती मंदीत गेली. शेतकऱ्यांनी नुकसानीचा भार मजुरीवर टाकला. याच सुमाराला फ्रीसलंड व द्रेंथेच्या दलदली भागांत पीट, म्हणजे जळणासाठी लागणारी वाळवलेली काळी माती, खणणाऱ्या मजुरांमध्ये असंतोष वाढत होता. त्यांच्यावर एक वेगळाच जाच होता. किराणा मुकादमाच्या किंवा त्याच्या नातलगाच्या दुकानातूनच घ्यावा लागे आणि तिथले भाव बाजारापेक्षा चढे असत. दुसरीकडून माल आणला तर काम जाई. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला की हाती फारसे काही उरत नसे. 1888 साली या मजुरांनी मोठा संप केला. त्याच वर्षी फ्रीसलंडमधल्या स्कोटरलंड मतदारसंघातून फर्डिनांड डोमेला न्यूवेनहाउस हे डच संसदेतले पहिले समाजवादी सदस्य म्हणून निवडून आले. मूळचे धर्मोपदेशक असलेल्या या नेत्याला तिथले मजूर आपला मुक्तिदाता म्हणत. ज्या मजुरांसाठी ते बोलत, त्यांतल्या बहुतेकांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता.

1889 मध्ये फ्रीसलंडमधल्या हेट बिल्ट या जवस व धान्य पिकवणाऱ्या भागात ‘ब्रुडरट्राउ’ ही शेतमजुरांची संघटना स्थापन झाली. नावाचा अर्थ बंधुनिष्ठा. पुढच्याच वर्षी तिने संप पुकारला. संघटना फार वर्षे टिकली नाही, पण पुढे झालेल्या सगळ्या प्रयत्नांची सुरुवात हीच मानली जाते. शेतमजुराचा संप कारखान्यातल्या संपापेक्षा कितीतरी अवघड होता हेही तिने दाखवून दिले. मजूर गावोगाव विखुरलेले होते, घर अनेकदा शेतकऱ्याच्याच मालकीचे असे आणि पीक उभे असेल तेवढेच दिवस संपाला धार असे.

कायद्याच्या कुंपणाबाहेर

डच कामगार कायद्यांची यादी शेतमजुराच्या बाजूने वाचली की त्याची जागा कळते. 1874 च्या बालमजुरीविरोधी कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यांत ठेवायला बंदी घातली, पण शेतातले काम वगळले. 1900 च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातही शेतीच्या कामासाठी मुलांना शाळेतून सुटी देण्याची सोय होती. 1901 च्या अपघात विमा कायद्यात शेती नव्हती. यंत्रात हात गमावलेल्या शेतमजुराला कायद्याने भरपाई मिळण्यासाठी 1922 च्या स्वतंत्र कायद्याची वाट पाहावी लागली. 1919 मध्ये आठ तासांचा दिवस आला, तोही शेतीला लागू नव्हता.

याला एक मोठा अपवाद 1918 चा शेतमजूर कायदा. मजुराला घर आणि जमिनीचा छोटा तुकडा घेता यावा म्हणून सरकारी कर्जाची सोय त्यात होती. अनेक कुटुंबांना त्याने स्वतःचे छप्पर दिले. मात्र कर्जाने घेतलेला तुकडा मजुराला त्याच गावाशी आणि त्याच मालकांशी बांधूनही ठेवत असे.

आठवड्याची वर्गणी

पहिली देशव्यापी शेतमजूर संघटना 1900 साली निघाली. तेव्हा डच कामगार चळवळीत दोन विचार एकमेकांशी भांडत होते. 1893 च्या राष्ट्रीय कामगार सचिवालयाची, म्हणजे एनएएसची, भिस्त उत्स्फूर्त संपांवर होती. 1903 च्या जानेवारीत रेल्वे कामगारांनी संप जिंकला, पण एप्रिलचा सार्वत्रिक संप पार फसला. त्यातून धडा घेऊन 1905 मध्ये हिरे कामगारांचे नेते हेन्री पोलाक यांच्या पुढाकाराने एनव्हीव्ही ही मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. भरपूर वर्गणी, पगारी कार्यकर्ते आणि भक्कम संप निधी हा तिचा मार्ग होता. शेतमजुरांची संघटना याच मार्गाने गेली आणि एनव्हीव्हीत सामील झाली. स्वतः शेतमजुरांतून आलेले पीटर हीमस्ट्रा दीर्घकाळ तिचे प्रमुख होते आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाचे खासदारही होते.

संघटनेचे रोजचे रूप संपात नव्हे, वर्गणीत दिसे. दर आठवड्याला संघटनेचा माणूस सभासदाच्या दारात येई, पैसे घेई आणि वहीत तिकीट चिकटवी. हिवाळ्यातल्या बेकारीत भत्ता मिळायचा तो या वहीच्या जोरावर. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून सरकार संघटनांच्या बेकारी निधीत अनुदानाची भर घालू लागले आणि त्यामुळे रोजंदारीवरच्या मजुराला सभासद होण्याचे ठोस कारण मिळाले. पोटाला चिमटा काढून भरलेली ही वर्गणी हेच या संघटनांचे खरे बळ होते.

तीन घरे

डच समाज त्या काळी पंथ आणि विचारसरणीनुसार उभ्या कप्प्यांत विभागलेला होता. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि समाजवादी यांच्या शाळा, वर्तमानपत्रे, पुढे रेडिओ संस्था आणि कामगार संघटनाही वेगळ्या. एनव्हीव्हीची संघटना, प्रोटेस्टंटांची ख्रिस्ती शेतमजूर संघटना आणि कॅथलिकांची ‘सिंट देउसडेडिट’ अशा तीन संघटना एकाच मजुरापुढे उभ्या असत. उत्तरेत समाजवाद्यांचे, तर ब्राबांत व लिंबर्ग या दक्षिणेकडच्या प्रांतांत कॅथलिकांचे बळ होते. पाद्र्यांच्या आग्रहामुळे कॅथलिक मजुराला समाजवादी संघटनेत जाणे कठीण होते. या फुटीमुळे मजुरांची ताकद विभागली हे खरेच. पण ज्या गावांत लाल झेंड्याला कोणी दारात उभे केले नसते, तिथेही सामूहिक करार आणि बेकारी भत्ता पोचला तो धार्मिक संघटनांमुळेच. त्यांना केवळ मालकधार्जिण्या म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे.

देशाबाहेरही या चळवळीचा हात पोचला. 1920 मध्ये शेतमजुरांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्याची सूत्रे हीमस्ट्रा यांच्याकडे आली. 1921 साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने क्रमांक 11 चा करार संमत केला. कारखान्यातल्या कामगाराला संघटना करण्याचा जो हक्क आहे तोच शेतमजुरालाही असावा, एवढेच त्यात म्हटले आहे. शेतीचा विषय या संघटनेच्या कक्षेत येतच नाही असा आक्षेप फ्रान्सने घेतला. द हेगच्या तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1922 मध्ये तो फेटाळला. भारताने हा करार 1923 मध्येच मान्य केला.

1929 चा संप

ओल्डआम्टमध्ये 1929 साली झालेला संप हा डच शेतमजुरांच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला लढा. वाद मजुरीचा होता, पण त्यामागे पिढ्यांचा राग होता. संप उन्हाळाभर चालला. बाहेरून मजूर आणले गेले, त्यांच्या संरक्षणाला पोलीस आले, आणि दुसरीकडे देशभरच्या कामगारांनी संपकऱ्यांसाठी पैसे गोळा केले. हाती आले ते मागण्यांच्या मानाने थोडे. लगेच जागतिक मंदी आली आणि बेकार मजुरांना सरकारी कामांवर, पडीक जमीन खणायला पाठवले जाऊ लागले. बेकारांना दररोज हजेरी लावून कार्डावर शिक्का मारून घ्यावा लागे.

या अनुभवातून फिन्स्टरवोल्डे आणि बेर्टा ही गावे कम्युनिस्ट पक्षाचे बालेकिल्ले बनली. 1933 मध्ये बेर्टाचा आणि 1951 मध्ये फिन्स्टरवोल्डेचा कारभार सरकारने लोकांनी निवडलेल्या गावच्या परिषदेकडून काढून घेतला आणि आपल्या आयुक्ताकडे दिला. संसदीय लोकशाहीचा अभिमान असलेल्या देशात हे घडले.

शेत आणि कारखाना

खाद्योद्योगातली संघटना वेगळ्या वाटेने वाढली. बेकरी कामगारांचा मुख्य प्रश्न रात्रपाळीचा होता. मंत्री सीब ताल्मा यांचे बेकरी विधेयक संसदेने 1912 मध्ये नामंजूर केले आणि रात्रीच्या कामावरची बंदी 1919 च्या कामगार कायद्याबरोबर आली. ब्राबांतमधल्या ओस गावात मार्गारीन आणि मांसाचे कारखाने होते, झान नदीकाठी बिस्किटे व चॉकलेटचे. तिथे तरुण मुली मोठ्या संख्येने काम करत आणि लग्न झाले की नोकरी सोडत. त्यामुळे त्यांना संघटनेत टिकवणे अवघड जाई.

डच खाद्योद्योगाचा मोठा भाग मात्र सहकारी होता. फ्रीसलंडमधल्या वार्गा गावी 1886 मध्ये देशातला पहिला सहकारी दूध कारखाना निघाला. पुढे बटाट्याच्या स्टार्चचे आणि बीट साखरेचेही सहकारी कारखाने आले. बीट साखरेचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळ्यात संपतो. आपल्याकडच्या गळीत हंगामाप्रमाणेच त्या काळात शेतातून मोकळे झालेले मजूर कारखान्याच्या फाटकाशी येत. शेतात मजुरी देणारा आणि कारखान्याच्या संचालक मंडळात बसणारा शेतकरी एकच असे. शेतमजूर आणि कारखाना कामगार यांनी पुढे एकत्र येण्यामागे हे साधे वास्तव होते, फक्त ते संघटनांच्या रचनेत उतरायला फार वेळ लागला.

युद्ध आणि नंतर

जर्मन ताब्यात 1940 मध्ये एनव्हीव्हीवर नाझी समर्थक प्रमुख लादला गेला. 1941 मध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट संघटनाही त्याच्या हाताखाली दिल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या बहुसंख्य सभासदांनी संघटना सोडल्या. 1942 मध्ये सर्व संघटनांच्या जागी एकच ‘कामगार आघाडी’ उभी करण्यात आली. 1943 च्या एप्रिल-मे महिन्यांत हेंगेलोच्या कारखान्यातून सुरू झालेला संप खेड्यांत पसरला. शेतकऱ्यांनी डेअऱ्यांना दूध घालणे बंद केले, म्हणून उत्तरेत त्याला दुधाचा संप म्हणतात. मजूर, मालक आणि डेअरी कामगार एकाच बाजूला उभे राहिले असा प्रसंग या इतिहासात दुसरा नाही.

युद्धानंतर चित्र झपाट्याने बदलले. मजुरी सरकारच्या देखरेखीखाली देशपातळीवर ठरू लागली आणि शेतमजुराची मजुरी कारखान्यातल्या मजुरीच्या जवळ आली. त्या वेळचे शेतीमंत्री सिको मान्सहोल्ट हे ग्रोनिंगनच्या समाजवादी शेतकरी घराण्यातले होते. 1954 मध्ये ‘लांडबाउस्खाप’ ही शेतीक्षेत्राची सार्वजनिक संस्था स्थापन झाली. तिच्यात शेतकऱ्यांच्या तीन आणि मजुरांच्या तीन संघटना एका टेबलाशी बसत. ओल्डआम्टच्या मजुराच्या आजोबांना हे खरे वाटले नसते. पण हा मान मिळाला तेव्हा ट्रॅक्टर आणि दूध काढण्याची यंत्रे आली होती आणि शेतमजुरांची संख्याच ओसरत चालली होती.

सभासद कमी होत गेल्याने शेती आणि खाद्योद्योगाच्या संघटना जवळ आल्या. 1976 मध्ये समाजवादी एनव्हीव्ही आणि कॅथलिक एनकेव्ही यांनी एफएनव्ही हा महासंघ स्थापन केला. त्यातून दोन्ही क्षेत्रांची मिळून ‘फुडिंग्जबाँड एफएनव्ही’ ही संघटना उभी राहिली. आकाराने ती लहान होती, विचाराने मात्र धीट. 1980 च्या दशकातल्या मोठ्या बेकारीत तिने प्रत्येक नागरिकाला बिनशर्त मूलभूत उत्पन्न मिळावे अशी मागणी लावून धरली. ग्रीत्ये लुब्बी या तिच्या अध्यक्षांनी हा विचार देशभर मांडला. इतर मोठ्या संघटना कामाच्या हक्कावर अडून होत्या. हिवाळ्यातल्या सक्तीच्या रिकामपणाची आठवण असलेल्या संघटनेला उत्पन्न आणि नोकरी यांची गाठ सोडवावीशी वाटली, यात मला नवल वाटत नाही. 1998 मध्ये ती उद्योग, वाहतूक आणि सेवा क्षेत्रांच्या संघटनांबरोबर ‘एफएनव्ही बाँडखेनोतन’मध्ये विलीन झाली. 2015 मध्ये त्या संघटनेचेही एकसंध एफएनव्हीत विलीनीकरण झाले. प्रोटेस्टंट परंपरेचे काम आज सीएनव्ही पाहते.

आजचे मजूर

काचघरांत, अळंबीच्या शेडमध्ये आणि कत्तलखान्यांत आज प्रामुख्याने पोलंड, रुमानिया व बल्गेरियातून आलेले लोक काम करतात. त्यांतले अनेक मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत येतात. राहण्याची जागाही बऱ्याचदा एजन्सीच देते, त्यामुळे काम सुटले की घरही सुटते. 2020 मध्ये कत्तलखान्यांत कोरोनाची साथ पसरली आणि एका खोलीत अनेकांना कोंबलेली ही राहणी सगळ्या देशाला दिसली. त्याच वर्षी एमिल रोमर यांच्या समितीने अहवाल दिला. घरमालक आणि कामाचा मालक यांचे करार एकमेकांपासून वेगळे करावेत आणि एजन्सींवर सक्तीचे नियंत्रण आणावे, असे त्यात सुचवले होते.

या क्षेत्रांत संघटनेचे सभासद थोडे आहेत. सतत जागा बदलणाऱ्या आणि डच न येणाऱ्या कामगारापर्यंत पोचण्यासाठी एफएनव्हीला पोलिश व इतर भाषा बोलणारे कार्यकर्ते लागतात. 1937 च्या कायद्याने मंत्र्याला एखादा सामूहिक करार संपूर्ण क्षेत्रावर बंधनकारक करता येतो, त्यामुळे संघटनेत नसलेल्या मजुरालाही त्या करारातली मजुरी मागता येते.