पुढची चाकं आधी का झिजतात?

गाडीशेजारी उकिडवं बसून टायरची कड कधी वाचली आहे का? माझ्या टायरवर लिहिलंय: १८५/६५ आर १५ ८८ एच. अजब खिचडी आहे ही. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ मात्र टक्के: कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. ‘आर’ला बरेच जण रेडियस समजतात आणि पुढच्या १५ला त्रिज्या. खरं तर आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले. आणि १५ हा रिमचा व्यास, तोही इंचात! ८८ हा एका टायरला पेलणाऱ्या वजनाचा सांकेतिक आकडा, तक्त्यात त्यापुढे ५६० किलो लिहिलेले असतात. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. जवळच एक चार आकडी शिक्का सापडतो. २३१९ असेल, तर टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनला. सेलमध्ये स्वस्त मिळणारा ‘नवा’ टायर घेताना हा शिक्का आधी बघावा.

नक्षीच्या खाचांमध्ये बोट फिरवलं, तर तळाशी छोटे उंचवटे लागतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला समजा.

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकं पुढचीच आणि वळणारीही तीच. त्यात ब्रेक दाबला की एसटीतले उभे प्रवासी जसे पुढे कलतात, तसा गाडीचा भारही पुढे झुकतो. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. वळताना तेवढंच रबर तिरकं घासलं जातं, त्यामुळे पुढच्या टायरचे खांदे, म्हणजे नक्षीच्या दोन्ही बाहेरच्या कडा, आधी जातात. मागची चाकं त्या मानाने आरामात घरंगळत येतात. म्हणून ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलायच्या: पुढची त्याच बाजूला सरळ मागे, मागची मात्र फुलीसारखी तिरपी पुढे. कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर फुली नाही. त्याच बाजूला फक्त पुढे-मागे.

फुलीची ही अदलाबदल एका जॅकवर जमते, स्टेपनी बाकीच्या चाकांच्या मापाची असेल तर. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला, १९०४मध्ये तिथे जादा चाक बनू लागलं.) पुढचं डावं काढा, तिथे स्टेपनी बसवा. काढलेलं चाक मागच्या डाव्या जागी, तिथलं पुढच्या उजव्या जागी, तिथलं मागच्या उजव्या जागी आणि तिथलं स्टेपनी काढून पुढे डावीकडे. जॅक पाच वेळा लागतो, कंबर एकदाच धरते.

जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. पण मागचं चाक उचललं की हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांवर असतो. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. हवेत असताना पान्ह्याला जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकू शकते. जॅक दरवाज्याखालच्या पत्र्यावर ठरवून दिलेल्या जागीच लावा आणि गाडीखाली हातपाय घालू नका.

नट आवळताना शेजारचा नाही, समोरचा घ्यायचा. म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. जोर किती? मॅन्युअलमध्ये १०० न्यूटन-मीटर दिलं असेल, तर पाव मीटरच्या पान्ह्याच्या टोकाला सुमारे ४० किलोचा दाब पुरतो. एका गॅरेजमध्ये नट आवळायच्या गनने असे काही आवळून दिले होते, की पुढे पंक्चर झाल्यावर भर पावसात मी पान्ह्यावर उभा राहिलो, तरी नट हलेना.

आता हवा. पुढची-मागची वेगवेगळी सांगितलेली असू शकते. आकडे बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतात. चाकं बदलली म्हणजे हवाही नव्या जागेप्रमाणे भरायची. आणि ५०-१०० किलोमीटर गाडी फिरली की नटांवरून पुन्हा एकदा पान्हा फिरवायचा.