वीटकामातील तडे (जुन्या वाड्यांचे)
जुन्या घराच्या विटांच्या भिंतीत भार, ओल, उष्णता किंवा पायाची हालचाल यांमुळे पडणाऱ्या चिरा. ही नोंद मुख्यतः पुणे परिसरातील पेशवेकालीन व त्यानंतरच्या वाड्यांविषयी आहे. दगडी जोते (जमिनीवर उचललेला पायाचा चौथरा), त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या खणांत मातीत किंवा चुन्यात रचलेल्या पातळ विटा, अशी त्यांची बांधणी असते. विटेच्या मापावरून भिंतीचा काळ ठरवण्याचा प्रयत्न होतो. परंतु पडलेल्या वाड्याची वीट पुन्हा वापरली जात असल्याने केवळ तेवढ्यावर विसंबू नये.

चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद व ताग घालण्याच्या प्रघाताबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते हे पदार्थ मुख्यतः चिकटपणासाठी घालत, तर काहींच्या मते चुना सावकाश व न तडकता सुकावा यासाठी. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो आणि तागाचे तंतू आकसण्याच्या चिरा आवरतात, हे पाहता प्रत्येक पदार्थाचे काम वेगळे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घट्ट होतो, पण विटेहून मऊच राहतो. त्यामुळे भिंत हलली तर चीर सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाते व वीट वाचते. केसाएवढी चीर ओलीत विरघळलेला चुना पुन्हा साचून कधीकधी आपोआप बुजते. सिमेंटच्या सांध्यांत मात्र चीर बहुधा विटेतूनच जाते.

पारख : भारतीय मानक संस्थेच्या १९८४ च्या पुस्तिकेत १ मिमी.पेक्षा कमी रुंदीची चीर बारीक, १ ते २ मिमी.ची मध्यम व त्याहून मोठी ती रुंद मानली आहे. जुन्या घरात रुंदीपेक्षा दिशा आणि चाल महत्त्वाची. भिंतीचे टोक खचले तर चीर वर अधिक उघडते, मधला भाग खचला तर खाली. खांब आणि वीटकाम यांमधील उभी फट बहुधा लाकूड आकसल्याची असते. तरीही खांबाचा बुंधा कुजला आहे का, ते टोचून पाहावेच. चिरेच्या आतल्या कडेवर जुन्या सफेदीचे ओघळ व धूळ असली तर ती चीर जुनी; कडा स्वच्छ, लालभडक असल्या तर ताजी. चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. पट्टी तडकली तर भिंत अजून हलत आहे. काळ्या मातीवरील घरात उन्हाळ्यात उघडलेली चीर पावसाळ्यात मिटते, म्हणून सर्व ऋतू पाहिल्याशिवाय पक्के निदान करू नये. ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून पाहता भिंत फुगलेली दिसली तर मात्र वाट न पाहता प्रथम टेकू द्यावा.

दुरुस्ती : गळके पन्हळ, तुंबलेली मोरी, भिंतीत रुजलेला पिंपळ ही कारणे आधी दूर करावीत, अन्यथा बुजवलेली चीर त्याच जागी उघडते. सैल दर्जा (विटांमधील सांधे) छिन्नीने सुमारे २० ते २५ मिमी. खोल कोरतात, धूळ काढून विटा भिजवतात व मुरलेला चुना वाळू व सुरखीसह (विटेच्या पुडीसह) दाबून भरतात. ग्राइंडर वापरू नये, विटेच्या कडा उडतात. खोल चिरेत पातळ चुना खालून वर नळ्यांनी सोडतात. फुटलेल्या विटा काढून काही थरांआड अखंड विटा आडव्या बसवतात, त्याने दोन्ही बाजू पुन्हा सांधल्या जातात. काम काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. वरून सिमेंटचा गिलावा करण्याची रूढी घातक होय : आतली ओल कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि गिलाव्यामागे विटेचा भुगा होतो.

मातीत बांधलेल्या भिंतीत चुन्याचा पातळ रस सोडण्यापूर्वी विशेष सावधगिरी हवी, कारण पाण्याने सांध्यातील माती वाहून जाते. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात मुठेकाठचे अनेक वाडे कोसळले, त्यात भिजलेल्या मातीच्या सांध्यांचा वाटा मोठा असावा.