विस्थापित छावण्या, ज्यू

नाझी संहारातून वाचलेल्या ज्यूंनी दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या वसाहतींत आपले आयुष्य पुन्हा उभे करायला घेतले, त्या छावण्या (१९४५–५७). जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली या तीन देशांत १९४७ च्या सुमारास जवळपास अडीच लाख ज्यू विस्थापित होते. लान्ड्सबर्ग, फेल्डाफिंग, फ्योरेनवाल्ड आणि बेल्सेन या मोठ्या छावण्या.

पहिला धोका अन्नाचाच होता. १५ एप्रिल १९४५ रोजी बेल्सेन ही तोवरची नाझी छळछावणी ब्रिटिश सैन्याच्या हाती आली तेव्हा तेथे सुमारे ६०,००० कैदी होते. त्यांतले १३,००० हून अधिक पुढच्या काही आठवड्यांत दगावले. टायफस (उवांमुळे पसरणारा ताप) आणि उपासमार ही मुख्य कारणे. सैनिकांनी कळवळ्याने दिलेले डबाबंद मांस व चरबी खंगलेल्या आतड्यांना झेपली नाही. दीर्घकाळ उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घटते आणि हृदय बंद पडू शकते. मग १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले मिश्रण आणले गेले: दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. पूर्व युरोपातल्या अनेकांना ते इतके गोड लागले की घशाखाली उतरेना.

सुरुवातीला ज्यूंना त्यांच्या मूळ देशानुसार ठेवले जाई. त्यामुळे कालपर्यंत नाझींना साथ देणाऱ्यांच्या शेजारी त्यांना राहावे लागे. ऑगस्ट १९४५ मधील अमेरिकी सरकारचे दूत अर्ल हॅरिसन यांच्या अहवालाने हा अन्याय उघड केला. त्यानंतर जर्मनीच्या अमेरिकी ताब्यातील विभागात ज्यूंसाठी स्वतंत्र छावण्या झाल्या आणि त्यांचे रोजचे अन्न २,५०० कॅलरींपर्यंत वाढले. ब्रिटिशांनी मात्र ज्यू हा वेगळा गट मानायला नकार दिला. तेव्हा बेल्सेनमध्ये योसेफ रोझेनसाफ्ट यांच्या समितीने हक्कांसाठी झगडा चालवला.

वाचलेल्यांचे पहिले काम नातलगांचा शोध. अमेरिकी सैन्यातील रब्बी (ज्यू धर्मगुरू) एब्राहम क्लाउझनर यांनी वाचलेल्यांच्या नावांच्या याद्या छापून छावण्यांत पाठवल्या. लग्नेही भराभर होऊ लागली, पण बेपत्ता नवऱ्याचा मृत्यू सिद्ध झाल्याशिवाय स्त्रीला पुनर्विवाह करता येईना. अशा प्रकरणांत ज्यू धर्मशास्त्र एका साक्षीदारावर भागवू देते. त्या सवलतीच्या आधारे रब्बींनी कित्येक बायकांची वाट मोकळी केली. छावण्यांतला जन्मदर त्या काळी जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी एक होता.

लान्ड्सबर्गमध्ये याकोब ओलेइस्की यांनी ओर्ट या ज्यूंना व्यवसायशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या शाळा सुरू केल्या. शिवणकाम, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती असे धंदे तेथे शिकवले जात. तरुणांची शिक्षणाची वर्षे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांत (घेट्टोंत) आणि छळछावण्यांत गेली होती. हाताला कसब आल्याशिवाय परदेशात पोट भरणार कसे, हा त्यामागचा रोकडा विचार होता आणि तो योग्यच होता.

परदेशी जाण्यात खरी अडचण प्रवेशाच्या कागदपत्रांची. ४ जुलै १९४६ रोजी पोलंडमधील किएल्त्से येथे ४२ ज्यूंची हत्या झाली आणि परतीचा विचारच संपला. उलट आणखी हजारो ज्यू पश्चिमेकडे निघाले. अमेरिकेच्या १९४८ च्या कायद्याने २२ डिसेंबर १९४५ पूर्वी आलेल्यांनाच प्रवेशाची पात्रता दिली. म्हणजे किएल्त्सेनंतर पळून आलेले नेमके वगळले गेले. १९५० मध्ये ही तारीख १ जानेवारी १९४९ पर्यंत पुढे नेली गेली. तोवर बहुतेक ज्यू मे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इस्राएलकडे निघून गेले होते. क्षयरोग्यांना इतर देश व्हिसा देईनात. ते व इतर आजारी माणसे शेवटपर्यंत मागे राहिली. फ्योरेनवाल्ड ही अखेरची छावणी फेब्रुवारी १९५७ मध्ये बंद झाली.